रांजणातले चौघे

ऑरिन टटल सत्तरी ओलांडलेला होता. सॅनपीटच्या खोऱ्यात त्याने जन्मभर टर्की पाळल्या. बायको गेल्यावर त्याला अचानक वाटलं की युटात जन्मून आपण एस्कलांटीच्या घळी कधी आतून पाहिल्याच नाहीत. घळींच्या सफरी काढणाऱ्या आमच्या मालकीणबाई व्हर्लाकडे त्याने तिघांची नावं दिली: स्वतःचं, मुलगी लिनेटचं आणि जावई सोरेनचं. मधल्या काळात लिनेट नवऱ्याचं घर सोडून प्रोव्होला राहायला गेली आणि प्रकरण वकिलांकडे गेलं. ऑरिनने नावं तशीच ठेवली. दोघांपैकी कोणालाही त्याने दुसऱ्याचं नाव सांगितलं नाही.

मी त्यांची गाईड. व्हर्लाच्या दुकानात मी हेल्मेटं मापून देत होते, तेवढ्यात बाहेर सोरेनची पिकअप थांबली. लिनेटने काचेतून पाहिलं.

"बाबा, हा इथे काय करतोय?"

"मी बोलावलं."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

"नसते आले!"

"मग?" म्हातारा म्हणाला आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळू लागला.

सोरेन दारातच अवघडून उभा राहिला. हा साडेसहा फुटी माणूस लाकूड कापण्याच्या गिरणीत कामाला होता. तो जात्याच कमी बोलायचा. लिनेटने मला मागच्या खोलीत गाठलं आणि विचारलं, "ब्रिन, हे रद्द होतं का?" मी म्हटलं, होतं की. पण तोवर म्हातारा गाडीत जाऊन बसलासुद्धा होता. लिनेटने त्याच्याकडे पाहिलं. "बाबांचा उजवा गुडघा कामातून गेलाय. कोणीतरी बरोबर हवंच," असं काहीतरी पुटपुटत तीही चढली.

आभाळ निरभ्र होतं. हिवाळ्यात बर्फ कमी पडल्यामुळे घळीत पाणी कमी असणार, हे मला माहीत होतं. दोर, रबरी सूट आणि लोखंडी आकडा मी नेहमीसारखा घेतला होता.

आमच्या घळी काही ठिकाणी इतक्या चिंचोळ्या असतात की खांदे आडवे करून सरकावं लागतं. तिथे पुढचा मागे जाऊ शकत नाही आणि मागचा पुढे येऊ शकत नाही. पुढे मी, माझ्यामागे लिनेट, मग ऑरिन, शेवटी सोरेन. नवरा-बायकोच्या मध्ये अडकलेल्या म्हाताऱ्याला दिवसभर निरोप पोचवायचं काम लागलं.

"बाबा, त्यांना सांगा, माझ्या पाठपिशवीवर लाथ मारू नका म्हणावं."

"सोरेन, तुझी लाथ तिच्यापर्यंत पोचत नाही, पण मारू नकोस."

"बरं, सासरेबुवा."

"तो बरं म्हणतोय."

"मला ऐकू येतं, बाबा!"

"मग मला कशाला दमवता दोघं?"

मला हसू आलं. लिनेटलाही आलं असावं, पण तिचं तोंड मला दिसत नव्हतं. वर आकाशाची निळी चीर आणि दोन्ही बाजूंना लाल खडक, तोही हातांना गार लागणारा. शेवटच्या कड्यावरून आम्ही दोराने उतरलो आणि मी दोर खाली ओढून घेतला. आता मागे फिरायला वाट नव्हती.

त्यानंतर रांजण लागतो. पुराच्या पाण्याने खडकात कोरलेला हा खोल खळगा काठोकाठ भरलेला असला की पोहून पलीकडच्या कडेवर चढायचं, एवढंच काम. त्या दिवशी पाणी इतकं उतरलं होतं की आम्ही घसरत आत गेलो, तेव्हा पलीकडची कड दोन पुरुष उंच दिसली. भिंती ताटासारख्या गुळगुळीत. पाणी माझ्या हनुवटीपर्यंत आणि बर्फासारखं.

मी आकडा फेकला. तो कडेला अडकला, मी वजन टाकलं आणि कडेचा तुकडाच निखळून पाण्यात पडला. दुसऱ्यांदा तसंच झालं. मग पिशवीत वाळू भरून दोराला बांधली आणि कडेपलीकडे फेकली, म्हणजे तिच्या वजनावर चढता येईल. ती प्रत्येक वेळी घसरत परत आली. खांदे भरून आले. इतक्यात ऑरिनचे दात वाजायला लागले. थोड्या वेळाने ते वाजायचे थांबले, म्हणजे अंगाने थंडीशी झगडणंच सोडलं, आणि तेव्हा मी घाबरले.

"बाबा, काहीतरी बोला," लिनेट म्हणाली.

"मला झोप येतेय गं."

मी ठरवलं. सोरेन सगळ्यांत उंच, तो खाली. त्याच्या खांद्यावर उभी राहून मला कड गाठता येणार नव्हती, माझे हात आखूड. लिनेट माझ्यापेक्षा वीतभर उंच आणि शाळेत असताना व्हॉलीबॉल खेळलेली.

"लिनेट, तुम्हाला यांच्या खांद्यावर चढावं लागेल."

तिने सोरेनकडे पाहिलं. तो आधीच भिंतीला टेकून उभा होता आणि पायरीसारखी ओंजळ धरून वाट पाहत होता.

"हलू नकोस," ती म्हणाली. सकाळपासून ती त्याच्याशी थेट बोलली ते हे पहिलं.

"नाही हलत."

ती त्याच्या ओंजळीवर, मग खांद्यावर चढली. मी बाजूने तिचा पाय धरला होता. तिने हात ताणले. कड थोडक्यात राहिली.

"अजून वर!" ती ओरडली.

सोरेनने तिच्या तळपायांखाली हात घातले आणि तिला खांद्यावरून वर उचललं. तळाशी वाळू होती. तिच्या वजनाने त्याचे पाय रुतत गेले. पाणी त्याच्या छातीपर्यंत होतं, ते गळ्यापर्यंत आलं, ओठांपर्यंत आलं, मग नाकावर. माझ्याकडे पाहून त्याने एकदा डोळे मिटले आणि त्याचं डोकं पाण्याखाली गेलं. हात मात्र वर ताठ होते. त्या हातांवर उभी असलेली बाई कडेवर कोपरं रोवत होती आणि खाली काय चाललंय ते तिला माहीत नव्हतं. मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने खाली पाहिलं असतं.

तिचे पाय कडेपलीकडे गेले, तेव्हा मी सोरेनला केसांना धरून वर ओढलं. तो पाणी ओकला, खोकला, आणि खोकतच त्याने विचारलं, "गेली का?"

"गेले!" वरून आवाज आला. मग तिने खाली वाकून पाहिलं. "सोरेन? तुला काय झालं?"

"पाणी गेलं थोडं नाकात."

मी दोर वर फेकला. दोर कमरेभोवती घेऊन बसायचं आणि पाय समोरच्या भिंतीला रोवायचे, असं तिला सांगितलं. तिने ते नीट केलं. तिच्या दोरावर मी वर गेले. दोघींनी मिळून ऑरिनला ओढलं, खालून सोरेन ढकलत होता. शेवटी सोरेन आला.

थोडं पुढे घळ रुंद होते आणि ऊन खाली उतरतं. तिथे आम्ही म्हाताऱ्याचा सूट काढला आणि त्याला कोरड्या कपड्यांत गुंडाळून तापलेल्या दगडावर निजवलं. गरम कोको घोटाघोटाने पाजला. दात पुन्हा वाजू लागले, मला हायसं वाटलं. हळूहळू त्याच्या गालांवर रंग आला. लिनेटने सोरेनला आपल्या सँडविचचा अर्धा भाग दिला. तो खाऊ लागला. ऑरिनने हे पाहिलं आणि तो उठून बसला.

"मग आता?" त्याने दोघांना विचारलं.

लिनेटने त्याचा अर्थ लगेच ओळखला. "नाही, बाबा."

"अगं, त्याने तुला..."

"काय केलं ते ब्रिनने सांगितलं मला. मी कधी विसरणार नाही. पण तेरा वर्षं मी एका खोलीत बसून भिंतीशी बोलले. एका दिवसाने ते भरून निघत नाही." मग ती सोरेनकडे वळली. "मी चुकीचं बोलतेय का?"

सोरेनने घास गिळला. "नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे तुझं."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. तो रडेल असं मला वाटलं, पण त्याने फक्त आणखी कोको मागितला. परतीच्या वाटेवर दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. निरोप पोचवायची गरज उरली नव्हती, कारण "डावीकडे दगड आहे", "थांब, त्यांना दम खाऊ दे" असं ते आता थेट एकमेकांना सांगत होते.

पानगळीत घटस्फोट झाला. पुढच्या वसंतात व्हर्लाकडे पुन्हा ऑरिनचा फोन आला. या खेपेला दोनच नावं होती, त्याचं आणि सोरेनचं, आणि पाण्याचा थेंबही नसलेली घळ हवी होती. लिनेटला माहीत होतं. तिने मला आदल्या दिवशी फोन करून गुडघ्याचं औषध म्हाताऱ्याच्या कुठल्या खिशात असतं ते सांगितलं.

मी त्यांना एका सोप्या, कोरड्या घळीत नेलं. ऑरिन मध्येच बसायचा, वाळू बुटातून झाडायचा आणि बोलत राहायचा. लिनेटने प्रोव्होत घर घेतलंय, नोकरी बरी चाललीय, कुत्रा पाळलाय. सोरेनने यातलं काहीच विचारलं नव्हतं. तो मान हलवत पुढे चालत होता.

वळणापाशी तो थांबला.

"कसला कुत्रा?" त्याने विचारलं.

"लहानसा. पिवळा. फार भुंकतो. ती काही बोलली की लगेच."

"बरं झालं," सोरेन म्हणाला आणि सासऱ्याला उतरायला हात पुढे केला.