भिंतीपाशी वळलेली वाट

मी टेकडीवरची पायवाट बोलतेय. तुम्ही चालता चालताच ऐका. थांबलेल्या माणसाशी माझं फारसं जमत नाही. माझं एक टोक कर्वेनगरात उतरतं, दुसरं वारज्यात. दोन्हीकडे सतत ओढ, त्यामुळे जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

मला कुणी बांधलं नाही. वारज्याच्या शेळ्या चरायला वर यायच्या, त्यांच्या खुरांनी माझा जन्म झाला. शेळी कधी सरळ चालत नाही, म्हणून मीही चालत नाही. मग कर्वेनगराकडून पांढरे बूट आणि माकडटोप्या यायला लागल्या. ही मंडळी माझ्यावरसुद्धा ‘डावीकडून चला’ म्हणून एकमेकांना दटावत. माझं अंग जेमतेम हातभर, त्यात डावं-उजवं कुठून आणू?

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत थंड पेयांच्या मोठ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घरोघर आल्या आणि टेकडीवर एक रीत पडली. रिकाम्या बाटलीत पाणी भरायचं, वर न्यायचं आणि आपण लावलेल्या रोपाला घालायचं. रोप आपलं म्हणजे आपलंच. दुसऱ्याच्या रोपाला कुणी घोटभर पाजलं तरी ‘आपण कोण?’ अशी चौकशी व्हायची.

खिंडीतल्या एका आपट्याला मात्र दोन मालकिणी होत्या. एक कर्वेनगरच्या पद्मजाबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचा मुलगा सौमित्र कॉम्प्युटरच्या नोकरीपायी अमेरिकेत. दुसरी वारज्याची मुक्ताई. शेत विकलेलं, मुलगा हिंजवडीच्या कंपनीची बस चालवणारा. दोघी आपापल्या बाजूने बाटली घेऊन चढायच्या. पाणी घालून झालं की दगडावर बसून सुनेपासून सिलिंडरपर्यंत सगळं बोलायच्या आणि पुन्हा आपापल्या बाजूने उतरायच्या. टेकडीवरची ओळख टेकडीवरच ठेवायची, घर विचारायचं नाही, असा इथला शिरस्ता.

एका चैत्रात मुक्ताईनेच तो मोडला. म्हणाली, “बाई, एकदा घरला या की च्या प्यायला.”

“येईन हं. ही टेकडी जरा बाजूला सरकली की येते,” पद्मजाबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

मुक्ताई हसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही नाही. कारण मला ठाऊक होतं. वारज्याच्या अंगाला नव्या सोसायटीचे उंच मजले चढत होते, आणि त्याच दिवशी त्यांनी माझ्या अंगावर आडवी भिंत घातली. पण मी सांगणार कुणाला? पद्मजाबाईंना वाटलं, आपल्या बोलण्याने ती दुखावली. “मेली ही जीभ माझी,” असं आपट्याला म्हणत त्या पाणी घालायच्या. पण त्या उन्हात एका बाटलीने काय होणार? आपटा माना टाकायला लागला. माझ्या उतारावर पाचोळा साचला. पाय पडले नाहीत की वाट मरते, आणि माझा अर्धा देह मरत होता. मी नुसती तळमळत होते.

मग एका सकाळी पद्मजाबाई पाणी घालून माघारी वळल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा पलीकडे उतरायला लागल्या. माझी काय धांदल उडाली म्हणून सांगू! हात असते तर एकेक निसरडा खडा उचलून टाकला असता. पडत-सावरत त्या भिंतीशी पोचल्या, थबकल्या, आणि रिकामी बाटली रागाने भिंतीवर बडवू लागल्या.

“कोण हाय तिकडं?” पलीकडून आवाज आला.

“अहो मुक्ताबाई, मी!”

मुक्ताईने आवाज ओळखला. मग म्हणाली, “मी रोज बाटली घिऊन येते अन् भिंत बघून माघारी जाते. वढ्याकडनं वळसा घालून आली असती. पर म्हनलं, बाईंना आपलं घर नको, तर आपण कशाला वाट वाकडी करायची?”

“अहो, ती आमची बोलायची पद्धत आहे!”

“मग बदला की ती.”

पद्मजाबाईंनी पदराने डोळे पुसले. “बदलते. ओढा कुठल्या अंगाला आहे ते सांगा.”

भिंतीच्या अलीकडून पद्मजाबाई निघाल्या, पलीकडून मुक्ताई. तिथे मी नव्हते. नुसती घाणेरीची झुडपं माजलेली. काट्यांत साडी फाटत होती, आणि दोघी भिंतीवरून एकमेकींना हाका मारत पुढे सरकत होत्या. त्यांच्या पावलांमागून मीही सरकले. ओढ्यापाशी भिंत संपली. तिथे मुक्ताई भरलेली बाटली घेऊन उभी होती.

“काय बाई, सरकली का टेकडी?”

“टेकडी कसली सरकतेय! मीच आले.”

त्या दिवशी आधी आपट्याला दोन बाटल्या मिळाल्या, मग मुक्ताईच्या घरी चहा झाला.

आता आपट्याची सावली पडते. कानात वायरी घातलेली पोरं पळता पळता कुरकुरतात, “ही वाट उगाच एवढी का फिरते?” मला सरळ करून फरशा बसवायचं घाटतंय, असंही कानावर येतं. खुणेच्या खुंट्या तर ठोकूनही झाल्या. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

पद्मजाबाईंचे गुडघे आता चढू देत नाहीत. म्हणून मुक्ताई ओढ्याकडून वळसा घेते, आपट्याला हात लावते आणि थेट कर्वेनगरात उतरते. उद्या फावडी घेऊन आलात, तर तेवढं तिला आधी जाऊ द्या. तिकडे चहाचं आधण ठेवलेलं असतं.