टाका असे लिहिलेले बटण

नाव: दोनदा बदलले. मध्ये तीन दिवस नव्हतेच.

मित्रांनो, मी एक जुने बटण आहे, पण शर्टाचे समजू नका. मला भोके नाहीत, मी काजात शिरत नाही आणि तुटून गादीखाली घरंगळतही नाही. मी फोनच्या काचेमागे राहते. शिंप्यांनी गिऱ्हाइकांची मापे ठेवावीत म्हणून केलेले एक छोटेसे ॲप आहे. त्याच्या अगदी तळाशी, उजव्या अंगाला, मी. मापे लिहून झाली की मला दाबायचे, एवढेच माझे काम. पण या एवढ्याशा कामावर एका मुलीचे सहा महिने टांगलेले होते. ती हकिकत मी मापाच्या फॉर्मातच सांगते. मला दुसरा कागद ठाऊक नाही.

जन्म: (हा रकाना फॉर्मात नाही. मी घुसडला आहे.)

माझी कर्ती पूर्वी एका मोठ्या कचेरीत होती. तिथे एका बटणाचा रंग ठरवायला अकरा माणसे तीन आठवडे बसत आणि शेवटी आधीचाच रंग ठेवत. तिला पहिल्या रेघेपासून शेवटच्या ओळीपर्यंत एक तरी वस्तू स्वतःच्या हाताने करायची होती. तिने राजीनामा दिला. साहेब भले गृहस्थ. म्हणाले, सहा महिने तुझी खुर्ची कुणाला देत नाही. नाही जमले तर मुकाट्याने परत ये.

लॅपटॉप उचलून ती आत्याच्या शिवणाच्या दुकानात येऊन बसली. घरी बसले की तिला झोप यायची, आणि दुकानात कापड बेतायच्या टेबलाचा एक कोपरा खिडकीपाशी होता. आत्या तिला खटपटी म्हणायची. मीही तेच म्हणते.

खटपटीने खडूने भिंतीवर आकडा लिहिला: दहा. सहा महिन्यांत दहा दुकाने आपल्या खऱ्या गिऱ्हाइकांची मापे या ॲपमध्ये ठेवू लागली तर ती राहणार. नाहीतर खुर्ची.

"दहा शिंपी?" आत्या तोंडातल्या टाचण्या न काढताच म्हणाली. "अगं, दोन शिंप्यांचं एका बाहीवर एकमत झालेलं मी अजून पाहिलं नाही."

मग टाचण्या काढून तिने आणखी एक बजावले. "आणि मला त्यात धरू नकोस. आत्या म्हणून मी काहीही दाबेन. शिंपीण म्हणून दाबेन तेव्हा सांगेन."

उंची: आत्याच्या अंगठ्याएवढी.

खटपटीने मला आधी कागदावर काढले, कात्रीने कापले आणि फोनएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवले. आत्याने दाबले. मी काहीच केले नाही, कारण मी कागद होते. तरी खटपटी टिपून घेत होती. अंगठा कुठे पडतो, टेप गळ्यात असतो की हातात, चष्मा नाकावर असतो की कपाळावर. तेव्हा मी फार लहान होते. आत्याचा अंगठा माझ्यावर पडला की वरच्या रकान्यालाही धक्का लागायचा आणि कुणा बिचाऱ्याचा गळा अडतीस इंच व्हायचा. मला तीनदा मोठे केले.

मित्रांनो, कुणीतरी आपल्याला अंगठ्याच्या मापाने बेतावे, यात फार सुख आहे. पाच आठवड्यांनी एका सकाळी माझ्यात उजेड आला. मला पहिल्यांदा दिसला तो छताचा पंखा, आणि त्याच्याखाली खटपटीचा हसरा चेहरा. तिने मला लागोपाठ चाळीस वेळा दाबले. मला गुदगुल्या झाल्या.

छाती: आधी फुगलेली, मग गेलेली.

माझ्या अंगावर पहिला शब्द होता 'जतन करा'. आत्याने तो मोठ्याने वाचला आणि चष्म्यावरून भाचीकडे पाहिले. "जतन करायला ही काय खापरपणजोबांची तलवार आहे? साडेबावीसची बाही आहे ती."

खटपटी लाजली. मग आठवडाभर तिने फक्त ऐकले. आत्या दिवसभर एकच म्हणे: छाती छत्तीस टाक, वहीत टाक, लिहून टाक. एके दुपारी खटपटी स्वतःशीच हसत सुटली. तिने माझ्या अंगावरचा जुना शब्द पुसला आणि नवा लिहिला: टाका. माप टाका, आणि सुईचाही टाका. एका दगडात दोन पक्षी! शिंप्याच्या ॲपला याहून शोभेल असा शब्द शोधून सापडला नसता. आत्यालाही तो पसंत पडला. तिने खूश होऊन पहिले माप टाकले ते दुकानातल्या मांजराचे. कंबर चौदा.

खटपटी दुकानोदुकानी पायी फिरली. एकतीस शिंप्यांच्या फोनमध्ये मी जाऊन बसले. एकाने तर म्हटले की हा शब्द सुचवणारा नक्की शिंपीच असणार. माझी छाती दोन इंचांनी फुगली.

आणि मग मला जवळजवळ कुणी दाबेना.

लोक नाव लिहीत, उंची लिहीत, बाही लिहीत, माझ्यापर्यंत येत आणि क्षणभर थबकून निघून जात. जणू मी ओला रंग दिलेला बाक होते. खटपटी रोज सकाळी आकडे बघे आणि भिंतीवरच्या दहाकडे बघे. सहा महिन्यांतले साडेचार सरले होते. खऱ्या मापांची दुकाने: शून्य.

बाही: बोटांच्या चार इंच पुढे.

उत्तर फोनवरून आले. पलीकडे होते कोटवाले काका, कोट शिवण्यात ज्यांचा हात धरणारा कुणी नव्हता असे. एका व्हायोलिनवादकाचे माप त्यांनी घेतले होते. वादकाने हौसेने वाजवण्याच्या पवित्र्यात हात धरला, त्यामुळे बाहीचे माप चुकले. काकांच्या ते लगेच ध्यानात आले. त्यांनी हात सरळ करवून पुन्हा नीट माप घेतले. आता ॲपमधले माप पाहून बेतलेला कोट तयार होता, बाही बोटांच्या चार इंच पुढे लोंबत होती आणि कार्यक्रम परवावर आला होता.

"पण काका, तुम्ही दाबलंत काय?" खटपटीने विचारले.

"बटणावर टाका लिहिलंय. म्हणून चुकलेलं माप टाकलं."

"आणि बरोबर होतं ते?"

"ते कशाला दाबू? चांगलं माप कुणी टाकून देतं का?"

खटपटी खाली बसली. आत्या मशीन थांबवून इतकी हसली की तिला पाणी द्यावे लागले. मित्रांनो, माझा तिसरा अर्थ आम्हा कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. एकतीस दुकानांतल्या भल्या माणसांनी चांगली मापे वाचवण्यासाठी मला हातही लावला नव्हता. आणि ज्यांनी लावला, त्यांचा सगळा कचरा मी जिवापाड सांभाळत बसले होते.

गळा: तीन दिवस बंद.

त्याच दुपारी खटपटीने माझ्या अंगावरचा शब्द काढला. पण नवा सुचेना, म्हणून तिने मला राखाडी करून ठेवले. राखाडी बटण म्हणजे दिसते पण दाबले जात नाही असे. तीन दिवस माझ्यावर एक शब्दही नव्हता. त्या तीन दिवसांबद्दल मला फारसे सांगायचे नाही.

खांदा: दोन शिंप्यांचा, एकमेकांना लागलेला.

दुसऱ्या दिवशी आत्या आणि खटपटी कोटवाल्या काकांकडे गेल्या. मी खटपटीच्या फोनमधून राखाडी डोळ्यांनी पाहत होते. बाही लांब होती हे नशीब. आखूड असती तर देवही वाढवू शकला नसता. खटपटी स्टुलावर बसून उसवायला लागली. चूक आपली आहे, तर टाकेही आपणच काढू, असे तिने काकांना सांगितले. ती एक टाका काढी आणि दोन वेळा बोट टोचून घेई.

वादकाचे माप तिसऱ्यांदा घ्यायचे होते. आत्या आणि काका दोघेही टेप घेऊन सरसावले आणि पाचच मिनिटांत जुंपली. काका म्हणाले माप खांद्याच्या हाडापासून घ्यायचे. आत्या म्हणाली शिवणीपासून. काकांनी विचारले की बाईंनी आयुष्यात कोट किती शिवले. आत्याने विचारले की ही लांबलचक बाही कुणी शिवली. वादक दोन्ही हात पसरून, श्वास रोखून, दोघांच्या मध्ये उभा होता. शेवटी काकांनी त्यांच्या पद्धतीने माप घेतले, वादकाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "झालं." वादकाने हात खाली सोडले.

लगेच आत्याने त्याला पुन्हा हात पसरायला लावले. तिच्या पद्धतीने माप घेतले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "झालं."

वादकाने पुन्हा हात खाली सोडले आणि सुटकेचा श्वास टाकला.

खटपटीची सुई हवेतच थांबली. जगातल्या कुठल्याच गोष्टीवर एकमत नसलेले दोन शिंपी एकच शब्द बोलले होते, त्याच जागी, त्याच सुरात. आणि तो ऐकताच माणसाचे हात आपोआप खाली आले होते.

घेर: वाढता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा राखाडी रंग गेला आणि अंगावर शब्द आला: झालं. आत्याने शंका काढलीच, की कपबशी फुटल्यावरही माणूस हेच म्हणतो. पण या वेळी खटपटीने आधी पुठ्ठा कापला, सहा दुकानांत नेला आणि शिंप्यांना दाबायला लावले. कुणीही विचारले नाही की हे काय आहे. एकाने तर दाबताना तोंडाने तो शब्दही म्हटला.

कार्यक्रमात कोट बाहीसकट उत्तम वाजला असे कळले. पहिले दुकान अर्थातच कोटवाल्या काकांचे. मग आणखी तीन. मग एकूण सात. खटपटी दर वेळी खडूने भिंतीवर एक उभी रेघ ओढी आणि शिटी वाजवी, आणि मांजर टेबलाखाली पळे. मला दिवसाला शंभर अंगठे लागू लागले. ओले, खडूचे, घाईचे. मला प्रत्येक आवडला.

सहा महिन्यांच्या शेवटच्या दिवशी भिंतीवर नऊ रेघा होत्या. साहेबांना संध्याकाळपर्यंत कळवायचे होते.

शेरा: (आत्याने स्वतः लिहिला.)

दुपारी आत्याने टेप गळ्यातून काढला आणि भाचीला उभे राहायला सांगितले. खटपटीने विचारले, कशाला? आत्या म्हणाली, शर्ट शिवायचाय, हात वर. तिने छाती घेतली, कंबर घेतली, खांद्याशी थोडी थांबली आणि तो पुन्हा घेतला. मग वहीकडे न जाता तिने फोन उचलला. रकाने एकेक करून भरले. खालच्या शेऱ्याच्या जागी ती सावकाश लिहीत राहिली: पूर्वी खांदे कानाला टेकलेले असायचे. आता खाली आलेत. कचेरीच्या वेळचं माप टाकून देणे.

तिने मला दाबले, भाचीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "झालं."

खटपटीचे हात वरच राहिले. "आत्या, हे आत्या म्हणून की…"

"शिंपीण म्हणून. आत्या म्हणून दाबलं असतं तर शेरा गोड लिहिला असता."

दहावी रेघ आत्यानेच ओढली, जरा तिरकी. खटपटीने साहेबांना फोन लावला. नमस्कार झाला, विचारपूस झाली, आणि मग ती म्हणाली, "साहेब, ती खुर्ची आता देऊन टाका कुणालातरी."

या वेळी त्या शब्दाचा अर्थ सगळ्यांना नीट कळला.

मित्रांनो, आता मी अनेक दुकानांत आहे. माझा रंग मध्ये एकदा बदलला, त्याला तीन आठवडे लागले नाहीत, एक दुपार लागली. तुम्हीही उद्या काहीतरी बनवाल. खेळणे, झोपाळा, किंवा माझ्यासारखेच एखादे बटण. तेव्हा माझी एवढी विनंती ध्यानात ठेवा. ज्याच्यासाठी बनवता आहात त्याच्या शेजारी जाऊन बसा, आणि काम संपल्यावर तो कोणता शब्द बोलतो ते कान देऊन ऐका. आपल्याला सुचलेला शब्द कितीही नामी असला, तरी माप त्याचे घ्यायचे असते.

तुम्ही बराच वेळ हात पसरून उभे आहात. श्वासही रोखलेला दिसतो. सोडा आता.

झालं.