आमच्याकडे पित्तच असतं!

आईच्या माहेरी कुणी भोवळ येऊन पडलं की निदान ठरलेलं: पित्त! आजोबा जिन्यात कोसळून गेले, तेही म्हणे पित्तानेच. थोरली लेक शिलाई मशीनवर बसल्या बसल्या कोसळली, तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला.

"हृदयाला ठोक्याचा इशारा पोचवणारी वाटच झिजत चाललीय," त्या म्हणाल्या. "पेसमेकर बसवू. पण हे घराण्यात असू शकतं. सगळ्यांना तपासून घ्या."

पेसमेकर बसला. तपासून घ्यायला मात्र कुणी गेलं नाही, कारण आईने सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लावलं. "धाकटीचं लग्न जमेपर्यंत कुणाला कळता कामा नये. मामालासुद्धा नाही!" तेव्हापासून थोरली स्वतःसाठी बंद गळ्याचेच कपडे शिवू लागली.

मग धाकटीला बघायला पाहुणे आले. मामा रंगारी. कामावरून तसाच आला, पाण्याचा ट्रे उचलला आणि धाडकन खाली! डोळे उघडले तेव्हा ओशाळून हसला. "काही नाही हो, पित्त. परवा शिडीवरही असंच गरगरलं."

शिडीवर! थोरलीच्या अंगावर काटा आला.

"पाणी द्या त्याला, होईल बरा," म्हणत आईने तिच्याकडे डोळे वटारले.

"डोळे काय वटारतेस, आई? तुझा सख्खा भाऊ आहे तो!" थोरलीने गळ्याचं बटण काढलं. खांद्याजवळचा उंचवटा सगळ्यांना दिसला. "मामा, हे बघ. पेसमेकर आहे. मीही अशीच पडायचे. तुला सांगितलं नाही, चुकलंच आमचं. चल, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात!"

पाहुण्याबाईंनी पर्स उचलली. "आम्हाला आधी सांगायला हवं होतं."

"हवंच होतं," थोरली म्हणाली. "पण मान खाली घालून नाही. आजारी पडलेय, चोरी नाही केली!"

पाहुणे निघाले. आई विनवण्या करत मागे धावली, तोच धाकटीने तिचा हात धरला. "जाऊ दे त्यांना! मामाला धर."

आईने वळून पाहिलं. भाऊ भिंतीला टेकून पांढराफटक बसला होता. ती त्याच्याशेजारी मटकन बसली. "माझ्या अब्रूपायी तुझा जीव गेला असता रे!"

मामालाही पेसमेकर बसला. मग आईने एकूण एक नातेवाइकाला स्वतः फोन केला. "ईसीजी काढून घ्या. आमच्या घरात हा आजार आहे," ठणकावून सांगितलं.

"अगं, अशाने पोरींना स्थळं यायची नाहीत!" एक वहिनी कुजबुजली.

"न येऊ देत! पोरी जिवंत तर राहतील!"

मंडळी, आजाराची कसली आलीय लाज? तो लपवून आपल्याच माणसाला मरणाच्या दारात उभं करायची लाज वाटू द्या!