अंगणातली बर्फाची लादी

"रीत म्हणून काही उरलीच नाही या पोरीले," रंभाबाई सकाळपासून भिंतीला ऐकवत होत्या. हुडकेश्वरच्या घराचं अंगण त्यांनी पहाटेच धुऊन काढलं होतं, आणि नातीनं, मिनलनं, ऑटोतून बर्फाची अख्खी लादी आणून भिंतीला टेकवली होती. लग्नघरी आणतात तशी. लग्नाचं मात्र नाव काढायची सोय नव्हती. नातबाई बुटांना बर्फावर चढायचे लोखंडी दात बांधून त्या लादीला लाथा हाणत होत्या.

हिंगण्याच्या कंपनीत मिनलची सुट्टी मंजूर झाल्यापासून घरात दुसरा विषय नव्हता. ऐन हिवाळ्यात हिमालयात जायचं, हे पक्कं. चढायचं कुठून, तेच ठरेना. एक वाट होती बर्फाची उभी घळ, नाव कमावून देणारी. दुसरी लांबची, डोंगराची रुंद धार. अवघडपणात मध्यम. पाय चुकला तर सावरता येतं, हवा बिघडली तर मागं फिरता येतं. पण सोबतच्या पोट्ट्यांनी तिला 'आजीरूट' म्हणायला सुरुवात केली होती, आणि ते मिनलला बोचत होतं. रंभाबाईंना तर जास्तच.

"घळीतूनच जातो मी," मिनल म्हणाली आणि जीव खाऊन लाथ मारली. लादी कडाडकन दुभंगली. पोरगी वितळल्या पाण्यात धपकन बसली.

"झाली का चढून?"

"हसू नको वं आजी. ठिसूळ होती ते."

"अन् तिथलं बर्फ काय पोलादाचं आहे?"

मिनल उठून कपडे पिळू लागली. कडाक्याच्या थंडीत घळीतलं बर्फही असंच फुटतं, हे तिलाही माहीत होतं.

रंभाबाईंनी पायाशी आलेला तुकडा उचलला. त्यांचे यजमान मारोतराव फौजेत होते. कित्येक हिवाळे त्यांनी बर्फात काढले. सुट्टीवर आले की रंभाबाई विचारायच्या, कसं असते हो तिथं? "बर्फ म्हणजे बर्फ. त्यात काय सांगायचं?" म्हणायचे, आणि भाकर मागायचे. मग रंभाबाईंनी आपल्याच मनानं एक बर्फ रचलं. नजर पोचेल तिथवर पिंजलेला कापूस, आणि त्यात कुठेतरी काळ्या ठिपक्याएवढा आपला माणूस. रात्री अंथरुणावर पडल्या की तो ठिपका शोधायच्या. मारोतराव नोकरी संपवून परतले, याच घरात म्हातारे झाले, गेले. ते हिवाळे काही परतले नाहीत.

मुठीतून पाणी कोपरापर्यंत ओघळलं. तुकडा त्यांनी टाकला नाही.

"मिनल, घळीतून काय दिसते वं?"

"काय दिसन? नाकासमोर बर्फ. अन् वर दोर."

"अन् त्या धारेवरून?"

"धारेवरून..." मिनलनं दोन्ही हात पसरले. "सगळंच दिसते आजी. दोन्हीकडच्या दऱ्या, पार पल्याडचे पहाड. आपण चालत असतो अन् उजेड एकेका शिखरावर उतरत येते म्हणतात."

रंभाबाईंनी ओला हात पदराला पुसला.

"मंग धारेवरूनच जाय. पोट्टे आजीरूट म्हणतात तं म्हणू दे, मी काही मेली नाही अजून. तुह्या आबानं सारी उमर तिथं काढली, अन् मले एक अक्षर सांगितलं नाही. तूही नाकासमोरचं पाहून आली तं मी आता कोणाले विचारू? डोळे भरून पाह्य, धडधाकट घरी ये, अन् माह्यापाशी बसून सांग. भाकर मागायच्या आधी."