मोहरीएवढा दात

मंगळवारी हसनाबादच्या मारुतीच्या पारावर दोनशे माणूस, आणि भोकरदनच्या माझ्या दातांच्या दवाखान्यात मी आणि पंखा. खरं सांगते, विवेकबिवेक नंतर. आधी माझ्या पोटात दुखलं. पाच वर्षं घासून शिकले मी, आणि गर्दी कुणाकडे? कालपर्यंत विहिरी खोदणाऱ्या भुजंग महाराजाकडे! तणतणत गेले बघायला.

"विहिरीत साठ फुटांवर घावला!" भुजंग पांढुरक्या दगडाचा तुकडा दाखवत ओरडत होता. त्यात मोहरीएवढा दात रुतलेला. "गणपतीच्या उंदराचा हाय! पोरांचे दुधाचे दात कुणाच्या बिळात टाकता? मंग दाताचा मालक कोण?"

"उंदीरमामा!" गर्दी गरजली.

त्यानं दगडावर तीर्थ शिंपडलं. दगड फसफसला. "बघा, श्वास घेऊन राह्यला! आता दुखणं ओढतो." मग एकेकाच्या दाढेवर तो कापसाचा बोळा दाबायचा, आणि ठणका थांबायचा. बायका पाया पडत होत्या. माझ्या पाया कधी कुणी पडलंय? जळून कोळसा झाले मी.

रांगेत कांताबाई नावाची एक आजी होती, सोबत आठ वर्षांची नात मोनिका. पोरीचा गाल टम्म सुजलेला, अंगात ताप, तोंड उघडेना. माझा राग तिथंच गार पडला.

"हिला आत्ताच दवाखान्यात चला. पू गळ्यात उतरला तर श्वास कोंडेल."

"कशाला? बोळा लावला की ठणका बराबर थांबतो," कांताबाई म्हणाली.

भुजंग हसला. "डाक्टरीनबाई जळून राह्यल्या!"

"हो, जळतेय! पण नाक शाबूत आहे माझं. बोळ्याला लवंगेचं तेल आहे, माझ्या दवाखान्यात रोज हाच वास असतो. दाढ बधिर होते, पू आत तसाच."

मी नारळवाल्याकडून लिंबू आणलं. पाराच्या फुटक्या शहाबादी फरशीचा टवका काढून त्यावर पिळलं. फरशी फसफसली. "घ्या, हीपण श्वास घ्यायला लागली! दोन्ही दगडांत चुना आहे. आता तीर्थ चाखा."

कांताबाईनं बोट बुडवून चाखलं. "अगं बया, लिंबूच की!"

मग मी पर्समधलं भिंग काढून भुजंगच्या दगडातला दात पाहिला, आणि पुन्हा निरखून पाहिला. उंदराची दाढ दाणे भरडायची असते, चपटी. याला किडे फोडणारी अणकुचीदार टोकं होती. दख्खनवर लाव्हा वाहत होता त्या काळात डेक्कनोलेस्टिस नावाचे चिमुकले सस्तन प्राणी होते, कधीच नामशेष झाले. हा त्यांच्यातलाच असेल का? ते तज्ज्ञांनी ठरवावं. पण उंदीरमामाचा नक्कीच नव्हे. कदाचित साडेसहा कोटी वर्षांचा दात, आणि कीड नाही! त्या मेल्याचाही हेवा वाटला मला.

कांताबाईनं नातीला उचललं. "जल्दी चला, बाई."

दुपारपर्यंत पू काढला. मोनिका मोठ्ठं तोंड उघडून रडली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. कांताबाई माझ्या पाया पडायला वाकली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तरी मी तिला धरलं.

"पाया नका पडू, विचारा. त्याच्या बोळ्यात काय होतं, माझ्या सुईत काय आहे, दोघांनाही विचारा. जो सांगणार नाही, त्याच्या दारात लेकरू नेऊ नका."