साहेबांची खोली

मुलीचं लग्न झालं त्याच महिन्यात ह्यांनी तिच्या खोलीत मासा आणून ठेवला. बोटाएवढा, काळा, पांढऱ्या पोटाचा, लाल शेपटीचा आणि अंगापेक्षा मिशाच मोठ्या. कॅटफिश म्हणतात त्याला. दुकानदाराने सांगितलं, मासा काचेच्या पेटीएवढाच वाढतो. आमचे हे काचकाम करणारे. लोकांच्या खिडक्यांना आणि दुकानांना काचा बसवतात. त्यांना ते शास्त्र एकदम पटलं. दर वर्षी उरलेल्या काचा जोडून ते पेटी मोठी करत गेले आणि मासा का वाढतोय म्हणून चकित होत गेले. मग पेटी लहान ठेवा ना, असं मी म्हटलं, तर म्हणाले, अडचण होते त्याला.

पाचव्या वर्षी साहेब साडेतीन फुटांचे होते. साहेब हे नाव माझं, कारण दिवसभर एका जागी पडून, मिशा हलवत ते येणाऱ्याजाणाऱ्याकडे नापसंतीने बघायचे. पेटी आठ फुटांची झाली होती आणि खोलीत शिरायचं तर अंग चोरून शिरावं लागे. एकदा साहेबांनी पाण्यातला थर्मामीटर गिळला आणि तिसऱ्या दिवशी जसाच्या तसा परत केला. हे गिऱ्हाइकांना ती गोष्ट कौतुकाने सांगत. पोटच्या मुलीबद्दल ते कोणाशी चार वाक्यं बोलल्याचं मला आठवत नाही.

मंगळवारी ती मुलगी आली. दोन दिवसांसाठी, म्हणाली. ऐन उन्हाळ्यात बॅगेत स्वेटर होते. भांडी पुसता पुसता तिनेच सांगितलं की नवरा चार महिने तिच्याशी बोललेला नाही, फ्रिजवर चिठ्ठ्या लावतो. दूध संपलंय. पंखा बंद करत जा. शेवटच्या चिठ्ठीत विचारलं होतं, तू इथे का राहतेस. तिला उत्तर सुचेना, म्हणून ती निघाली. ह्यांनी दाराआडून सगळं ऐकलं आणि साहेबांना कोळंबी घालायला गेले.

मुलगी सोफ्यावर झोपू लागली. सोफा तिला पुरत नव्हता. हे बुधवारपासून साहेबांना घ्या म्हणून मत्स्यालयं, दुकानं, माशांची तळी असणारे, सगळ्यांना फोन करत सुटले. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. घेत नाहीत, असं हे फोन ठेवून सांगायचे आणि आवाजात दुःख औषधालाही नसायचं. नदीत सोडून द्या, असं शेजाऱ्याने सुचवलं, तेव्हा नदीतल्या बाकीच्या माशांना काय तुझा बाप सांभाळणार आहे का, असं ह्यांनी त्याला विचारलं. त्यानंतर शेजारी आला नाही.

शुक्रवारी सकाळी मुलगी फोनवर नवऱ्याला सांगत होती, उद्या येते. मी तिच्या हातातून फोन ओढायला गेले.

"आई, इथे जागा कुठे आहे?" ती म्हणाली.

तक्रार नव्हती त्यात. खोलीच्या दाराकडे बघून ती नुसती हसली. त्या हसण्याचा मला इतका संताप आला की मी ओट्यावर कढई आपटली. हे चहा पीत होते. कप अर्धाच ठेवून ते उठले, पाण्याचं टाकं गाडीत चढवलं, ताडपत्री भिजवली आणि आम्हा दोघींना म्हणाले, "धरायला या."

मत्स्यालयाच्या मागच्या दारात तिथला माणूस कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याच्याकडे असे अकरा मासे होते. येणारा प्रत्येक जण मासा मोठा झाला म्हणून सांगतो. मग तो काय लहान होणार होता, असं त्याने आम्हाला विचारलं. यादीत सव्वीस जण ताटकळत होते. त्याने दार लोटायला घेतलं. मुलगी गाडीत टाक्याशी बसून साहेबांच्या अंगावरची ताडपत्री सारखी करत होती.

"मोठा झाला म्हणून नाही आणला," हे म्हणाले. "मुलगी घरी आलीय. खोली तिची आहे."

"किती दिवसांसाठी आलीय?"

ह्यांनी मुलीकडे पाहिलं नाही. "कायमची," ते म्हणाले. "ती आमच्याकडे राहते."

त्या माणसाने एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा टाक्यात पाहिलं, आणि बारावा, असं पुटपुटत किल्ली आणायला गेला. मला नवऱ्याचा अभिमान वाटला. तीस वर्षांत ही दुसरी वेळ असेल. पहिली मी विसरले आहे.

चौघांनी ताडपत्रीची टोकं धरून साहेबांना हौदात उतरवलं. ते तळाशी गेले आणि तिथल्या अकरा जणांकडे नापसंतीने बघू लागले. हे थोडा वेळ कठड्याशी थांबले, मग हात पुसून निघाले. येताना मुलगी आम्हा दोघांच्या मध्ये बसली आणि रडायला लागली, अगदी मोकळेपणी, लहानपणी रडायची तशी. ह्यांनी गाडी हळू चालवली, मागे काचा भरलेल्या असल्यासारखी.