सहा परस खाली

मित्रांनो, मी केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या, वाखाचा एक जुना दोर आहे. माघात एका सकाळी तात्याबा ऊसतोडीवरून एकटाच गावात आला. दूध संस्थेच्या ओसरीत मी खुंटीला टांगलेला होतो. त्याने मला खाली घेतले आणि तो तिथेच बसला. अध्यक्ष अर्जुनरावांनी विचारले, "मनकर्णा कुठं हाय?"

"न्हाई राहिली," तात्याबा म्हणाला. "फडावर ताप आला. तिसऱ्या दिवशी गेली."

त्याची बायको गेल्याचे मला असे कळले.

मला सटवा नावाच्या दोरवाल्याने वळले. पाटोद्याच्या बाजारात तात्याबाने मला ताणून पाहिले आणि विचारले, "तुटंल का बे?" सटवा म्हणाला, "तू तुटशील, ह्यो न्हाई." पहिली काही वर्षे मी कडब्याच्या गाड्या आवळल्या.

आमच्या गावची विहीर सहा परस खोल आहे. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला एक माणूस. दुष्काळात टँकर येई आणि सगळे पाणी विहिरीतच सोडी. मग चारी बाजूंनी बायका पोहरे टाकत. विहिरीला कठडा नव्हता. एका उन्हाळ्यात त्या रेटारेटीत गावातल्या छबुबाईची सात वर्षांची जानकी आत पडली.

सगळे ओरडत राहिले. मनकर्णाने पदर खोचला, मला कमरेला बांधले आणि दुसरे टोक नवऱ्याच्या हातात दिले. टँकरचे पाणी तिच्या डोक्यावर कोसळत होते. खालून ती ओरडली, "आवं, थांबा!" नवऱ्याचे नाव ती घेत नसे. काठावर मला धरून सात-आठ नवरे होते, त्या सगळ्यांना घरी 'आवं'च म्हणत आणि प्रत्येकाला ती हाक आपलीच वाटली. कुणी मला सोडले, कुणी ओढले. ती दगडावर आपटली. तात्याबाने सगळ्यांना मागे ढकलले. "माझी बायको हाय ती. सोडा दोर."

खाली तिने मला स्वतःच्या कमरेवरून सोडले आणि जानकीला बांधले. आम्ही दोघे वर आलो. मित्रांनो, तेवढा वेळ ती खाली अंधारात कपारीत बोटे रुतवून उभी होती. तिच्यापाशी मीसुद्धा नव्हतो.

"पोरगी रडती का?" तिने खालून विचारले.

"रडती," तात्याबा म्हणाला.

"मंग बरं हाय."

संस्थेने तिला शाल दिली आणि मला खुंटी. जानकी सगळ्यांना सांगे, "टीव्हीतला माणूस नुसता उडतो. आमची मनकर्णामावशी विहिरीत जाऊन येती." पुढच्या उन्हाळ्यात आणखी एक बाई पडली. मनकर्णा पुन्हा उतरली. मग संस्थेच्या बैठकीत कठड्याची गोष्ट निघाली. अर्जुनराव हसून म्हणाले, "मनकर्णा हाय की. कठडा कशाला पाहिजे?" सगळे हसले. तीही हसली.

तिसऱ्यांदा मला बांधताना ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "लई भ्या वाटतं मला. पर समदे माझ्याकडंच बघत्यात." माझी गाठ तिने दोनदा तपासली. तरी ती उतरली. त्या दिवसापासून मला तिचे जास्तच नवल वाटते. लोकांना न भिणारे माणूस हवे असते. असे एक माणूस गावात असले, की बाकीच्यांना काठावर उभे राहता येते. गावाने तिला तसे ठरवले होते. ती तशी नव्हती, आणि तरी तीनदा उतरली.

माघातल्या त्या सकाळी ओसरीत तात्याबा मला मांडीवर घेऊन बसला होता. मग अर्जुनराव म्हणाले, "आता विहिरीत कोण उतरंल?"

"कुणाला उतरावं लागू नये," तात्याबा म्हणाला. "तेवढं करा."

मित्रांनो, मला जपून ठेवा असे मी सांगणार नाही. माझा वाख आता झडतो आहे. तुमच्या गावात धीराचे कुणी असेल, तर त्याचे कौतुक करा, पण त्याच्या भरवशावर विहीर उघडी ठेवू नका. त्यालाही भीती वाटत असते.

चैत्रात टँकर येईल. कठडा अजून बांधलेला नाही.